कोठीला वारा लागतो

जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की स्वयंपाकघर म्हणून बहुतेक वेळा एक रिकामी खोली मिळते. भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे दोन पाइप, शेगडीसाठी एक जाड वायर, आणि बस. ओटा नाही, कपाटं नाहीत, सिंकसुद्धा नाही. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचकटून बरोबर घेऊन गेलेला असतो. पुण्या-मुंबईहून नव्यानं आलेली जोडपी ही खोली बघून हबकतात, आणि मग कुणीतरी त्यांना माझा नंबर देतं. बावीस वर्षं मी हॅनोव्हरजवळच्या एका किचन स्टुडिओत काम केलं. घर मोजायचं, स्वयंपाकघर आखायचं, कारखान्यातून कपाटं मागवायची आणि माणसं पाठवून बसवून द्यायची, हे आमचं काम. गिऱ्हाइकं मला फ्राऊ माने म्हणत. गेल्या वर्षी निवृत्त झाले.

लोकांना वाटतं, हे काम रंग आणि ग्रॅनाइटचं आहे. ते गिऱ्हाइकाला बोलतं करण्यापुरतं. खरं काम एकाच प्रश्नाचं असतं: या घरात खायच्या वस्तू कुठे राहणार? जर्मन गिऱ्हाइकाचं पीठ एक किलोच्या पुडीत येतं, ते ड्रॉवरमध्ये मावतं. आपल्या माणसांचं पीठ दहा किलोच्या पिशवीत येतं. सुरुवातीला मला हे सुचलं नाही, आणि एका नागपूरच्या कुटुंबाचा तांदळाचा ड्रॉवर रुळांसकट खाली आला. त्यानंतर मराठी घरात गेले की मी आधी विचारायची, तांदूळ एका वेळी किती आणता? बायका हसायच्या, पण खरं सांगायच्या.

जुन्या जर्मन घरांत या प्रश्नाचं उत्तर बांधलेलंच असायचं. स्वयंपाकघराला लागून, उत्तरेच्या भिंतीला, दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी खोली. वर जाळी लावलेली वीतभर खिडकी. तिला श्पाइझकामर म्हणतात. आपली कोठीची खोलीच ती. बटाटे, सफरचंदं, मुरंब्याच्या बाटल्या तिथे हिवाळाभर राहत. फ्रीज आले, सुपरमार्केट आली, आणि लोकांना मोठं मोकळं स्वयंपाकघर हवंसं झालं. मग अशा खोल्या पाडायचं काम आमच्याकडे आलं. पाडायची आणि त्या जागी एक उंच, ओढून बाहेर काढायचं कपाट बसवायचं. मी ते हौसेनं केलं. माझ्या माहेरी, इचलकरंजीत गिरणीच्या क्वार्टरमध्ये, कोठी नव्हतीच. धान्याचे डबे खाटेखाली असत, आणि डाळ काढायची तर आजारी आजोबांना आधी उठवून बसवावं लागे. ज्यांच्याकडे कोठी होती त्यांनी ती का पाडावी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

एकदाच पडला. एका म्हाताऱ्या बाईंच्या मुलानं आईसाठी नवं स्वयंपाकघर घ्यायचं ठरवलं होतं. पाडायच्या दिवशी सकाळी बाईंनी आमच्या फिटरला, यानुशला, थांबायला सांगितलं. एक स्टूल घेऊन त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं हातोडे घेऊन बाहेर उभे. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या, एप्रन सारखा केला आणि म्हणाल्या, आल्झो, म्हणजे चला, करा सुरू. दुपारपर्यंत भिंत गेली. सहाएक महिन्यांनी त्यांचा फोन आला. तक्रार नव्हती. कपाट छान चालतंय म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तिथे दार लावून बसता यायचं."

म्हणून सहा वर्षांपूर्वी गौरी आणि निखिलनं मला कोठी बांधून मागितली तेव्हा मला फार आनंद झाला.

निखिल मूळचा कऱ्हाडचा. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. गौरी पुण्याची, घरूनच सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. त्यांची मुलगी ईरा तेव्हा चार वर्षांची होती. त्यांनी शहराबाहेर नवंकोरं रो-हाउस घेतलं होतं. तळघर नव्हतं, पण स्वयंपाकघराच्या मागे उत्तरेच्या कोपऱ्यात एक चिंचोळी जागा होती. मे महिन्यात निखिलची आई, शालिनीताई, पहिल्यांदाच येणार होत्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. वडील जाऊन तीन वर्षं झालेली. त्या कऱ्हाडला एकट्याच राहत. निखिल एकुलता एक.

तो मला म्हणाला, "मावशी, आईला तिची कोठी मिळाली तर ती इथे रमेल." व्हिसा तीनच महिन्यांचा होता, पण ती दर वर्षी यावी, पुढे कधीतरी इथेच राहावी, असं त्याच्या मनात होतं. तसं तो उघड बोलला नाही. कागदावर मी फळ्या आखत असताना तो मधेच म्हणाला, खालची फळी जरा उंच घ्या, आईला वाकता येत नाही. पाहुण्यांच्या सोयीसाठी कुणी फळीची उंची बदलत नाही. मी समजले.

आता माझ्या चुका सांगते. कोठीला तीन गोष्टी लागतात: थंडावा, अंधार आणि वारा. पहिल्या दोन होत्याच. वाऱ्यासाठी मी बाहेरच्या भिंतीला वर-खाली दोन भोकं आणि पट्ट्यापट्ट्यांचं दार काढलं होतं. बिल्डर म्हणाला, गॅरंटीची मुदत संपेपर्यंत भिंतीला भोक पाडायचं नाही. आणि पट्ट्यांचं दार निखिलला नको होतं. कोठीसमोरच्याच पॅसेजमध्ये त्यांचे कोट टांगलेले असत. ऑफिसात एकदा त्यानं मसाल्याचा वास लागलेला कोट खुर्चीवर टाकल्यावर शेजारच्या माणसानं काही न बोलता खिडकी उघडली होती. हे त्यानं हसत हसत सांगितलं, पण सांगितलं. त्याला रबर लावलेलं, हवाबंद दार हवं होतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, मग मी कोठी करत नाही. मी म्हटलं, बघू. आणि तसं दार दिलं. शिवाय मोठे डबे मावावेत म्हणून फळ्या भिंतीला चिकटवून घेतल्या. नव्या घराच्या भिंती पहिली एक-दोन वर्षं आतली ओल सोडत असतात, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत असे.

काम संपल्यावर शेवटची पाहणी करायला गेले, तेव्हा शालिनीताई येऊन चार दिवस झाले होते. उंच, सडसडीत, चष्म्यावरून बघणाऱ्या. कोठी त्यांना आवडली, उंचावलेली फळी त्यांच्या लगेच लक्षात आली. मग भिंतीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, हिला वारा कुठून? मी त्यांना इन्सुलेशन म्हणजे काय, नवी घरं कशी बांधतात, ते सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुम्ही शिकलाय त्यातलं, तुम्हाला ठाऊक," त्या म्हणाल्या. "पण कोठीला वारा लागतो."

त्यांनी त्यावर आपला उपाय केला. तांदळाची पिशवी दाराला लावून ठेवली, म्हणजे दार उघडंच राही. निखिल संध्याकाळी येऊन पिशवी आत सरकवायचा आणि दार लावायचा. सकाळी तो गेला की त्या पुन्हा उघडायच्या. दोघं त्याबद्दल एक शब्द बोलत नसत, असं गौरी सांगे.

जून-जुलैत त्यांनी कोठी भरली. साडेनऊपर्यंत उजेड बघून त्या म्हणायच्या, इथलं ऊन संपतच नाही, वाया कशाला घालवायचं? मागच्या अंगणात सांडगे, पापड, कुरडया वाळल्या. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला झाला. लिंबाचं लोणचं मुरत पडलं. शेजारची जर्मन बाई कुंपणावरून रोज काय वाळतंय ते विचारायची, आणि शालिनीताई तिला मराठीत सविस्तर सांगायच्या. प्रत्येक बरणीवर त्यांनी चिठ्ठी लावली, शाळेच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात. नुसतं नाव नाही. ‘दिवाळीनंतर उघडणे.’ ‘थंडी फार असेल तेव्हा.’ ‘गौरीला कंटाळा आला असेल त्या दिवशी, नुसतं पाणी घालून.’ मेतकुटाच्या एका छोट्या बरणीवर होतं, ‘ईराला ताप आला तर, मऊ भाताबरोबर.’ आपण नसताना त्या घराचं वर्ष कसं जाईल, ते त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं.

ऑगस्टात त्या परत गेल्या. तांदळाची पिशवी आत गेली आणि दार लागलं.

नोव्हेंबरात गौरीचा फोन आला. येऊन बघाल का, एवढंच म्हणाली. मी गेले, दार उघडलं, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच मला कळलं. ओल्या पोत्यासारखा वास. फळ्यांच्या मागे भिंत खालपासून वरपर्यंत काळपट झाली होती. पापड मऊ पडलेले, भाजणीचे गोळे झालेले, लोणच्यावर पांढरी साय. घट्ट झाकणाच्या पाच-सहा बरण्या वाचल्या, बाकी सगळं गेलं होतं. बुरशी एकदा पिठात शिरली की चाळून, उन्हात घालून भागत नाही.

गौरी जमिनीवर बसून एकेका बरणीवरची चिठ्ठी नखानं सोडवत होती. चिठ्ठी वहीत ठेवायची, बरणी बादलीत रिकामी करायची. ती म्हणाली, "मावशी, मी पुरवून पुरवून वापरत होते. लवकर संपू नये म्हणून." मी तिच्याशेजारी बसले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या घरी जमिनीवर बसायची ती माझी पहिलीच वेळ.

निखिल आला तेव्हा मी त्याला सांगितलं की चूक माझी आहे, मला माहीत असून मी तसं केलं, आणि स्टुडिओ सगळं नव्यानं करून देईल. तो भिंतीकडे बघत उभा राहिला. "दार मी लावायचो," तो म्हणाला. मग दोघांनी ठरवलं की आईला सांगायचं नाही. दर रविवारी व्हिडिओवर त्या विचारायच्या, मेतकूट उघडलं का, सांडग्यांची भाजी केलीस का, आणि गौरी हो म्हणायची. दोन-तीन रविवार असे गेले. एकदा मी तिथेच होते. हो म्हणताना गौरी फोनपासून किंचित बाजूला व्हायची, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोघांची परवानगी घेऊन मीच कऱ्हाडला फोन लावला.

कोठीत काय काय गेलं ते मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "फळ्या भिंतीला चिकटून होत्या ना?"

"हो."

"दोन बोटं सोडायला हवी होती."

"मला माहीत होतं."

"मग का नाही सोडलीत?"

शिक्षिका विचारते तसं त्यांनी विचारलं, रागानं नाही, उत्तर हवं म्हणून. मी म्हटलं, मोठे डबे मावावेत म्हणून. निखिलला वाईट वाटेल म्हणून मी दाराचं काही बोलले नव्हते, पण त्यांना ते न सांगताही कळलं असावं. त्यांनी विचारलं, निखिल तुमच्यावर रागावलाय का? मी म्हटलं, माझ्यावर नाही, स्वतःवर.

"त्याला सांगा, आई पुढच्या वर्षी येऊन पुन्हा करते," त्या म्हणाल्या. "त्यात काय एवढं."

त्यानंतर आम्ही कोठी दुरुस्त केली. बिल्डरकडून लेखी परवानगी मिळवायला दोन महिने लागले. यानुशनं भिंतीत वर-खाली दोन गोल भोकं पाडली, त्यांना जाळ्या बसवल्या. जुना रंग खरवडून चुना दिला. फळ्या दोन बोटं पुढे घेतल्या. दाराला पट्ट्या आल्या, आणि निखिलनं स्वतः कोटांच्या खुंट्या उपटून जिन्याखाली लावल्या. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी ही कोठी दाखवेन. पहिल्यांदा बरोबर केली असती तर तसं म्हणता आलं असतं, असं मग माझं मलाच वाटतं.

शालिनीताई पुढच्या वर्षी आल्या नाहीत. आधी गुडघे, मग हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला मनाई केली. औषधांनी बरं वाटलं की जाऊ, असं त्या म्हणत राहिल्या, आणि निखिल दर वेळी व्हिसाची कागदपत्रं तयार ठेवत राहिला.

कोठी मात्र भरली. रविवारी सकाळी ओट्यावर फोन उभा करायचा, कऱ्हाडहून शालिनीताई सांगायच्या आणि गौरी करायची. मी भिंतीची ओल मोजायचं यंत्र घेऊन सुरुवातीला महिन्यातून एकदा जायची. पुढे यंत्र घरीच राहू लागलं आणि मी नुसतीच जाऊ लागले. माझं कुणी इथे नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा म्युनिकला. भाजणी किती खमंग भाजायची ते मी साठीला टेकल्यावर शिकले. शेवटी ईरा फोन घेऊन कोठीत जायची, कारण आजीला आतलं दाखवल्याशिवाय फोन संपत नसे. वरच्या फळीवर काय आहे ग, असं आजी विचारायची आणि ईरा म्हणायची, क्लाइने ग्लेझर. छोट्या बरण्या. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमधून येतं. काही महिन्यांनी शालिनीताईच विचारायला लागल्या, ग्लेझर किती भरल्या आज? मुलगा-सून भांडली आहेत का, ईरा नीट जेवते का, हे त्या कधी विचारत नसत. कुठली बरणी किती खाली गेली ते बघत आणि त्यावरून ओळखत.

निवृत्त झाल्यावर या जानेवारीत मी भारतात गेले. शालिनीताईंनी आधीच फोनवर बजावलं होतं, कऱ्हाडला या, आणि येताना मोजायची टेप आणा. मला वाटलं, गमतीनं म्हणतायत.

शिक्षकांच्या सोसायटीतलं त्यांचं घर साधं, स्वच्छ, दोघांच्या पगारातून बांधलेलं. न्हाणीघर मागच्या अंगाला, तीन पायऱ्या उतरून. आता त्यांना काठीशिवाय चालता येत नव्हतं. डिसेंबरात त्या पायऱ्यांवर पडल्या होत्या. निखिलला त्यांनी ते सांगितलं नव्हतं. चहा झाल्यावर त्या मला कोठीत घेऊन गेल्या. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्या मधे, उत्तरेला. शहाबादी फरश्यांच्या फळ्या, भिंतीपासून दोन बोटं सुटलेल्या. आणि सगळ्या रिकाम्या. खालच्या एका फळीवर डाळ-तांदळाचे दोन लहान डबे होते, तेवढेच.

मी बघत राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, एकटीला अर्धा किलो डाळ महिनाभर पुरते, कोपऱ्यावर दुकान आहे. मग काठी फळीला टेकवून त्यांनी काय हवं ते सांगितलं. ही कोठी पाडून इथे न्हाणीघर करायचं. पायरी नको, भिंतीला धरायला दांडे हवेत, फरशी घसरणारी नको. गावातला गवंडी त्यांनी ठरवलाही होता, नकाशा तेवढा माझ्याकडून हवा होता.

मी इतर जागा सुचवून पाहिल्या. मागचा व्हरांडा, झोपायच्या खोलीचा कोपरा. त्यांनी सगळ्यांचा विचार आधीच केलेला होता. व्हरांड्याला उतार नव्हता, कोपऱ्यात पाइप नेता येत नव्हता. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी गिऱ्हाइकाला हेच सांगितलं असतं.

तेवढ्यात निखिलचा फोन आला. कोठी दिसली तसं त्यानं विचारलं, काय चाललंय. त्यांनी सरळ सांगितलं, पायऱ्यांवर पडल्याचंही. तो म्हणाला, "आई, कोठी पाडू नकोस. मी येतो, मग बघू काय करायचं ते."

"कधी येतोस?"

"उन्हाळ्यात. सुट्टी मिळाली की."

"मला अंघोळ रोज करावी लागते रे," त्या म्हणाल्या.

हॅनोव्हरमध्ये तो कोठीजवळच उभा होता. त्याच्या मागे पट्ट्यांचं दार दिसत होतं, अर्धवट उघडं. तो म्हणाला, "फोन बंद करू नकोस. मावशी मोजतायत ते मला बघू दे."

शालिनीताईंनी फोन मधल्या फळीवर, भिंतीला टेकवून ठेवला. मी टेप काढली. लेझर होता माझ्याकडे, पण त्यांनी टेपच सांगितली होती. दुसरं टोक त्यांनी धरलं. लांबी, रुंदी, दारापासून कोपऱ्यापर्यंत, जमिनीपासून खिडकीपर्यंत. आकडा त्या मोठ्यानं वाचायच्या, पोरांना गणित घालावं तसा, आणि मी लिहिलाय याची खात्री झाल्याशिवाय टेप सोडायच्या नाहीत. एका कोपऱ्यात माझा हात लागून फळीवरून बारीक पीठ उडालं. त्यांनी पदरानं ती जागा पुसली आणि टेप पुन्हा धरली. एवढ्या वर्षांत इतक्या सावकाश मी कुठलीच खोली मोजली नव्हती.

मोजणं संपलं. त्यांनी फोन उचलला, जवळ धरला, आणि विचारलं, "जेवलास का?"

"नाही अजून."

"मग जेव जा. तुझ्या कोठीत पापड असतील बघ, खालच्या फळीवर. दोन भाजून घे."

तो वळला आणि आत गेला.